बुटातलं गणित

मुलीनं मला कोलकात्याला बोलावलं ते नातीला सांभाळायला. पण आल्या दिवशीच चहाचा कप समोर ठेवत तिनं अट घातली. "बाबा, गोष्टी सांगा, लढाया सांगा, शुद्धलेखन घ्या. गणित मात्र शिकवू नका."

मी कऱ्हाडच्या एका हायस्कुलात सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात घालवली. गणिताचे सर रजेवर गेले आणि त्यांच्या तासाला मला पाठवलं, तर मी फळ्यावर एक त्रिकोण काढून ठेवायचो आणि लढाईची गोष्ट सुरू करायचो. हेडमास्तर खिडकीवरून गेले तर त्यांना त्रिकोण दिसावा, एवढाच त्या त्रिकोणाचा उपयोग. मुलीला हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्या वर्गात एक वर्ष ती स्वतः बसलेली होती.

"मी कशाला शिकवतोय," मी म्हणालो. "मला येतं कुठे?"

"तेच म्हणतेय मी."

मुलगी आणि जावई दोघंही सॉल्ट लेकला आयटी कंपन्यांत. सकाळी बालीगंजच्या घरातून निघायचे ते दिवेलागणीनंतरच परत. नात पहिलीत. शाळा चालत जाण्यासारखी, म्हणून दुपारी तिला आणायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या शाळेत गणिताची नवी पद्धत होती. पालकांच्या सभेत मिसनं सांगितलं होतं, की घरी पाढे घोकून घेऊ नका, तुमच्या काळातल्या रीती शिकवू नका, मुलांचा गोंधळ होतो. मुलीनं ते फारच मनावर घेतलं होतं.

अट मी पाळली. नातीनं पाळली नाही.

पहिल्याच आठवड्यात शाळेतून येताना तिनं एका फाटकावरचा आकडा वाचला. "आजोबा, फिफ्टी-थ्रीला मराठीत काय म्हणतात?"

"त्रेपन्न."

"त्यात थ्री कुठे आहे?"

"त्रे म्हणजे तीन."

"मग तीन आधी आणि पन्नास नंतर?" असं म्हणून तिनं शेजारी उभ्या असलेल्या धुळकट गाडीच्या काचेवर बोटानं पस्तीस लिहिले. "मग हे असं लिहायला पाहिजे ना?"

"लिहायचं इंग्रजीसारखंच. बोलायचं तेवढं उलटं."

"तुम्ही बोलता एक आणि करता एक," ती म्हणाली. हे वाक्य मी अनेक राजांच्या बाबतीत वर्गात वापरलेलं होतं. स्वतःबद्दल पहिल्यांदाच ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून तिला मराठी आकड्यांचा नादच लागला. तिचं मराठी घरात चालण्यापुरतं. 'ती पंखा', 'तो खुर्ची' असं बिनदिक्कत चालायचं. वीसच्या पुढचे आकडे तिला मराठीत येतच नव्हते. मी एकोणतीस म्हटलं की ती थांबवायची.

"एकोण म्हणजे काय?"

"एक कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी."

"आणि थर्टी-नाइन?"

"एकोणचाळीस. चाळिसाला एक कमी."

तिनं बराच वेळ विचार केला. मग हळूच विचारलं, "मराठी लोक नऊला घाबरतात का?"

मी म्हटलं, तसं काही ऐकिवात नाही. पण ती प्रत्येक नऊ तपासत सुटली. एकोणसाठ, एकोणसत्तर. एकोणऐंशीला तर ती सोफ्यावरून घरंगळून खाली आली, तिला तो शब्दच फार आवडला. शेवटी नव्याण्णव आले, तेव्हा तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "इथे का नाही घाबरले?"

"शंभराजवळ आलं की धीर येत असेल."

हे तिला पटलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बंगाली बाई एकट्या राहायच्या. माझ्याच वयाच्या. नात त्यांना दीदा म्हणायची, म्हणजे आपल्याकडची आजी. त्या दिवशी दीदा नारळाचे लाडू घेऊन वर आल्या, तर नातीनं त्यांना दारातच अडवलं आणि एकोणतीसला बंगालीत काय म्हणतात ते विचारलं. ऊनोत्रिश. एकोणचाळीसला? ऊनोचोल्लिश. तिथेही तोच प्रकार. संध्याकाळी आईनं चपला काढायच्या आत तिनं बातमी दिली, "आई, बंगाली लोकपण नऊला घाबरतात."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हे गणित नाही ना?"

"भाषा," मी म्हणालो.

पावसाळा सरत आला, तशी शाळेत बोटं बंद झाली. मिसनं वर्गाला सांगितलं, की आता तुम्ही मोठे झालात, मोठी मुलं बोटांवर मोजत नाहीत, मनात मोजतात. नात घरी आली ती तणतणत.

"मनात कुठे मोजायचं? मनात काही दिसतच नाही."

मला तिचं म्हणणं तंतोतंत पटलं. मलाही तिथे कधी काही दिसलं नव्हतं. पण अट आठवून मी गप्प बसलो. गप्प बसल्या नाहीत त्या दीदा. त्यांनी नातीला जवळ घेतलं आणि तिचा हात उलगडला. "बोट हलवायचंच नाही. अंगठा हलवायचा. जप करताना मी असंच मोजते, कुणाला कळतसुद्धा नाही." मग त्यांनी तिला बोटावरच्या रेघा दाखवल्या. एका बोटावर तीन रेघा आणि चौथं टोक. पाच बोटांचे मिळून वीस.

मला राहवलं नाही. "एका बोटाची पेरं तीनच," मी म्हणालो. "अंगठा मोजणारा, तो मोजायचा नाही. चार बोटांची बारा पेरं."

"आणि टोक?"

"टोक म्हणजे पेर नव्हे."

"टोकाशिवाय बोट असतं का?"

"बोट असतं हो, पण पेर..."

दीदा हिंदीतून बोलत होत्या, मी हिंदीतून उत्तर देत होतो, आणि आमच्या दोघांच्या हिंदीची एकमेकींशी ओळख नव्हती. वाद बराच वाढला. चहा निवला. दीदा म्हणाल्या, त्यांच्या आजीपासून टोक मोजत आलेत. मी म्हणालो, माझ्या आजीनं कधीच मोजलं नाही. नात दरम्यान आपल्या हातांशी काहीतरी करत होती. आधी दीदांच्या रीतीनं, मग माझ्या.

"आठ आणि पाच," ती म्हणाली. "दीदाचे तेरा आले. आजोबांचेपण तेराच आले. मग तुम्ही भांडताय कशाला?"

आम्ही दोघांनी निवलेल्या चहाचे कप उचलले. तरी दीदा जाताना दारातून म्हणाल्याच, "टोक मोजलं असतं तर लवकर आले असते."

अंगठ्याची युक्ती वर्गात जेमतेम आठवडाभर टिकली. मिसच्या लक्षात आलं, की ही मुलगी बेरीज सांगायच्या आधी हात मांडीवर नेते आणि अंगठा चुळबुळतो. तिनं नवा नियम केला. तोंडी गणितं चालू असताना दोन्ही हात बाकावर, पंजे पसरून, सगळ्यांना दिसतील असे.

त्यानंतर काही दिवस नात या विषयावर अवाक्षर बोलली नाही. मला वाटलं, शिकली असेल मनात मोजायला.

एके दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी गृहपाठ करत होती आणि मी समोर पेपर वाचत होतो. वाचता वाचता माझा डोळा लागला आणि चष्मा नाकावरून घसरून टेबलाखाली पडला. तो उचलायला मी वाकलो. खाली लाल कोब्याची गार जमीन आणि तिच्यावर नातीची अनवाणी पावलं. पावलं स्वस्थ नव्हती. दोन्ही पायांची चार-चार बोटं जमिनीला घट्ट दाबलेली आणि दोन्ही अंगठे वर. मग डावा अंगठा खाली टेकला. मग उजवा. जरा वेळ सगळं थांबलं. वरून आवाज आला, "तेरा."

मी घाईनं उठायला गेलो आणि टेबलाची कड डोक्याला लागली. नात माझ्याकडे बघत होती. तिचे दोन्ही हात पंजे पसरून टेबलावर होते, शाळेच्या नियमाप्रमाणे.

"काय बघितलं?" तिनं विचारलं.

"चष्मा."

"आणखी काय?"

"पाय."

"आईला सांगणार?"

"मला गणितातलं काय कळतंय सांगायला?"

तिला माझा भरवसा वाटला असावा, कारण तिनं मला चप्पल काढायला लावली आणि सगळी पद्धत समजावून दिली. हातांसारखं पायांचं एकेक बोट वेगळं हलत नाही, ही मूळ अडचण. अंगठा तेवढा वेगळा येतो. बाकीची चार एकत्रच हलतात. "ते चौघं भाऊ आहेत," ती म्हणाली. "एकटा कुणी येत नाही." म्हणून एकेक करून मोजताच येत नाही. एक हवा असेल तर अंगठा. चार हवे असतील तर भाऊ. पाच म्हणजे पूर्ण पाऊल. सहा म्हणजे एक पाऊल आणि दुसऱ्याचा अंगठा. आठ म्हणजे दोन्हीकडचे भाऊ.

"आणि नऊ?"

"सगळे दाबायचे, एक अंगठा वर ठेवायचा." मग तिनं एकदम माझा हात धरला. "एकोणदहा. आजोबा, मराठी लोक घाबरत नव्हते. ते पायांवर मोजत होते."

इतिहासाचा माणूस म्हणून मी सांगतो, याला तिळमात्र पुरावा नाही. पण तेव्हा मला तो शोध फार मोठा वाटला आणि मी तिला तसं सांगितलंही.

"तिनाचं काय करायचं मग?"

"तीन पायांत बसत नाही. तीन डोक्यात ठेवायचे."

म्हणजे आठात पाच मिळवायचे तर आठ भाऊ दाबायचे. दोन अंगठे रिकामे दिसतात. पाचातले दोन त्यांना द्यायचे, की दहा भरले. उरले तीन, ते डोक्यात. तेरा. मी करून पाहायला गेलो. सगळं आयुष्य मी या पायांवर उभा राहिलो, पण त्यांतल्या एकाही बोटाला माझं ऐकायची सवय नव्हती. आठ दाबता दाबता पोटरीत असा गोळा आला, की मला टेबल धरून उठावं लागलं. नातीनं मला शांतपणे पाणी आणून दिलं. "रोज प्रॅक्टिस करावा लागते," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तिनं आईकडे तक्रार केली, की बूट चावतात. गडियाहाटच्या दुकानात आम्ही सगळे गेलो. दुकानदारानं तिच्या जुन्या बुटाचं टोक दाबून पाहिलं आणि सांगितलं, हे तर अगदी बरोबर बसतायत. नात ऐकेना. "अंगठ्याला जागा पाहिजे," ती म्हणाली. "भावांनापण."

"कुणाच्या भावांना?" मुलीनं विचारलं.

मी दुकानातला पंखा बघू लागलो.

शेवटी वाढतं वय आहे, असं म्हणून मुलीनं एक नंबर मोठे बूट घेतले. ते घालून नात फटक-फटक आवाज करत दुकानभर चालून आली आणि म्हणाली, "मस्त आहे."

या बुटांत तिची तोंडी गणितं इतकी झपाट्यानं सुधारली, की मिसनं तिच्या हातावर चांदणीचा शिक्का मारला. हात पसरलेले, ओठ मिटलेले, आणि उत्तर बरोबर. बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं विचारल्यावर नातीनं तिला झोपाळ्यामागे नेऊन पद्धत शिकवली. मैत्रिणीनं आणखी दोघींना. मधल्या सुट्टीत पहिलीची मुलं घसरगुंडी सोडून मातीत अनवाणी का उभी राहतात, हे मावशींना कळत नव्हतं. थोड्याच दिवसांत अख्खा वर्ग पायांवर मोजायला लागला.

पण बाकीच्यांचे बूट त्यांच्या मापाचे होते. आत बोटं हलायला जागाच नव्हती. त्यावर त्यांनी सोपा उपाय काढला. शाळेचे बूट चिकटपट्टीचे. मिस "नाइन प्लस सिक्स" म्हणाली, की वर्गभर खर्रर्र, खर्रर्र असा आवाज व्हायचा आणि बाकांखाली बूट सुटायचे. मिसनं खाली वाकून पाहिलं की सगळे तिच्याकडे निरागसपणे बघायचे. तिला वाटलं, मुलांना बूट लागतायत. तिनं पालकांच्या ग्रुपवर संदेश टाकला, की मुलांच्या पायाला येतील असे बूट घ्यावेत. मुलीनं तो मला वाचून दाखवला आणि समाधानानं म्हणाली, "बरं झालं, आपण आधीच घेतले."

हे असंच चाललं असतं. पण शाळेत आगीची कवायत ठरली.

हेडमिस्ट्रेस आणि शिपाई यांच्याखेरीज कुणालाच ती माहीत नव्हती. मी नेहमीप्रमाणे शाळेच्या फाटकाशी उभा होतो. दुपारी तिथे सगळे आजी-आजोबाच जमायचे, आईबाप कचेरीत. एकाएकी घंटा वाजायला लागली ती थांबेचना. मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस, हातात घड्याळ घेऊन मैदानाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. एकेक वर्ग रांगेनं बाहेर यायला लागला, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, शिस्तीत. चौथी आली, तिसरी आली, दुसरी आली.

मग पहिली आली. पुढच्या मुलाच्या एकाच पायात बूट होता. त्याच्या मागची नुसत्या मोज्यांवर. एकानं दोन्ही बूट कानांशी धरले होते. दोघी जणी एकाच बुटासाठी ओढाताण करत आल्या आणि एकजण लंगडत, कारण त्यानं दुसऱ्याच कुणाचा बूट उलट्या पायात कोंबला होता. या सगळ्यांच्या मध्ये आमची नात दोन्ही बूट व्यवस्थित घालून, सरळ समोर बघत, फटक-फटक चालत होती.

माझ्या शेजारी उभे असलेले एक बंगाली आजोबा म्हणाले, "नाचाचा तास होता वाटतं."

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या पालकांना शाळेत बोलावणं आलं. मुलीला महत्त्वाची मीटिंग होती, जावई गावाला. मी गेलो. वर्गात पाहतो तर बहुतेक खुर्च्यांवर फाटकापाशी भेटणारीच मंडळी. खुर्च्या मुलांच्या, आमचे गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. मोठ्या बाई समोर उभ्या, त्यांच्या शेजारी मिस. मिस वयानं लहान होती आणि रात्री झोपली नसावी असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. मुलं भिंतीशी ओळीनं उभी.

मोठ्या बाईंनी मुलांना विचारलं, हे बूट काढायचं खूळ कुणी सुरू केलं? सगळ्या माना हळूहळू आमच्या नातीकडे वळल्या.

"तुला कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

नातीनं अत्यंत नम्रपणे हात उचलला आणि माझ्याकडे दाखवला. "माझ्या आजोबांनी."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नातीकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. चेहरा असा, की देवळात उभी आहे असं वाटावं. मी त्या लहानग्या खुर्चीतून स्वतःला सोडवून उभा राहिलो.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"आपण गणिताचे शिक्षक होता?"

"इतिहासाचा."

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या काही बोलणार तेवढ्यात मिसनं विचारलं, "पण करतात कसं ते?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी माझ्या हिंदीत सांगायला सुरुवात केली. अंगठा वेगळा, चार भाऊ एकत्र. पाच म्हणजे पाऊल. आठ म्हणजे दोन्हीकडचे भाऊ, दोन अंगठे रिकामे. पाचातले दोन तिकडे गेले, तीन उरले. बोलता बोलता मला जाणवलं, की मला हे चांगलंच कळलंय. शाळेत असताना कुणी मला असं सांगितलं असतं, तर मी कदाचित त्या त्रिकोणाच्या पुढे गेलो असतो.

"आधी दहा भरायचे," मिस सावकाश म्हणाली. "मग उरलेले मिळवायचे. मी कधीपासून हेच सांगतेय यांना. मणी दिले, ठोकळे दिले. सगळे आपले एकापासूनच मोजत बसायचे."

"हातांनी एकापासून मोजता येतं," मी म्हणालो. "पायांनी येत नाही. बोटं ऐकत नाहीत."

मागच्या खुर्चीवरचे ते बंगाली आजोबा पुढे झुकले. "आणि तीन असतील तर?"

"तीन डोक्यात ठेवायचे."

त्यांनी मान हलवली आणि खाली स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. त्यांच्या शेजारच्या आजींनीही पाहिलं. थोड्याच वेळात त्या खोलीतलं एकही म्हातारं माणूस वर बघत नव्हतं. मोठ्या बाईंनी दोनदा घसा खाकरला. "शाळेत बूट पायातच राहतील," त्या म्हणाल्या. पण मिसनं त्यांच्याशी बंगालीत हळू आवाजात काही बोलणं केलं आणि शेवटी असं ठरलं, की शुक्रवारी एकदाच वर्गात चटया टाकायच्या, सगळ्यांनी अनवाणी बसायचं, आणि ही पद्धत मी सगळ्यांसमोर नीट दाखवायची. मग विषय बंद.

संध्याकाळी मुलीला सगळं कळलं. ग्रुपवर तर सगळंच कळतं. ती पर्स खांद्यावरच ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, मी एकच गोष्ट सांगितली होती."

"हो."

"पायांवर? जगात कुणी पायांवर शिकवतं का गणित?"

"सुचलं तसं केलं."

"आता शाळेत म्हणतात, तुम्हाला बोलावलंय वर्गावर. तुम्हाला. गणिताला." तिला रागवावं की हसावं ते कळत नव्हतं, शेवटी ती आत जाऊन दार लावून हसली. मला ऐकू आलं. नात टेबलाशी चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली नाही.

शुक्रवारी मी पाय घासून धुतले आणि गेलो. पहिलीची सगळी मुलं गोलात, अनवाणी, पुढे पाय पसरून. मिसही चटईवर बसली होती. मी चपला काढल्या, मध्ये बसलो आणि म्हणालो, "हे बघा, आठ." माझी बोटं जागची हलली नाहीत. मी पुन्हा जोर लावला. एक अंगठा थोडा थरथरला.

"दादूचे भाऊ झोपलेत," आजोबांना दादू म्हणणारा एक मुलगा म्हणाला आणि सगळा वर्ग लोळायला लागला.

मिसनं नातीला पुढे बोलावलं. नात आली आणि कुणी कौल लावायला बसावं तशी गंभीरपणे बसली. सहा दाखवले, आठ दाखवले, नऊ दाखवले. नवाला "एकोणदहा" म्हणाली आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. कोलकात्याच्या त्या वर्गात वीसएक बंगाली, मारवाडी, पंजाबी पोरं "एकोणदहा" म्हणून ओरडली. एवढ्या वर्षांत मी कुठल्या वर्गाकडून असा एका सुरात शब्द म्हणवून घेतला नव्हता. मग मिस गणितं घालायला लागली आणि मुलं चटईवर बोटं दाबायला लागली. मिसनं मध्येच माझ्याकडे आणि नातीकडे आळीपाळीनं पाहिलं. कुणी कुणाला शिकवलं, हे तिला केव्हाच कळलं असावं. तिनं पुढचं गणित घातलं.

"सात आणि सहा," मिस म्हणाली. नातीनं सर्वांच्या आधी तेरा सांगितले. माझं लक्ष तिच्या पायांकडे होतं. एक बोटही हललं नव्हतं.

घरी येताना मी तिला गाठलं. "तुझे पाय हलले नाहीत."

"आता नाही लागत."

"कधीपासून?"

ती जरा विचारात पडली. "ती घंटा वाजली ना मैदानावर, त्याच्या खूप आधीपासून."

"मग इतरांना कशाला शिकवत होतीस?"

"मजा येत होता."

आम्ही थोडं चाललो. सिग्नलला थांबलो, तेव्हा मी विचारलं, "आणि माझं नाव का सांगितलंस?"

"तुम्हाला कोण ओरडणार?" ती म्हणाली. "तुम्ही म्हातारे आहात."

"तुझी आई ओरडली की."

"ते थोडंच होतं. नंतर हसली ती."

पूजेच्या सुट्टीआधीच मिसनं हात पसरायचा नियम काढून टाकला. ज्याला हवं त्यानं बोटांवर मोजावं, पेरांवर मोजावं, बूट तेवढे घालून ठेवावेत. बरीचशी मुलं आपसूकच मोजायची थांबली. ज्यांना लागतं ती अजून मोजतात, आणि त्यांना कुणी मोठी मुलं कशी असतात ते सांगत नाही. दीदांना मी ही सगळी हकीगत सांगितली. पायाच्या बोटांना टोक असतं की नाही, हे त्यांनी मला विचारलं आणि मी विषय बदलला.

थंडीत एकदा फाटकाशी मिस भेटली. नात माझं बोट धरून उभी होती. मी विचारलं, "कसं चाललंय हिचं?"

"गणित छान आहे," मिस म्हणाली. "पण वर्गात बोलते फार."

मी म्हणालो, घरी गेल्यावर बघतो. नातीनं माझं बोट हळूच दाबलं आणि मिसला फार गोड आवाजात टाटा केलं.